माओ आसादाची सुरुवातीची वर्षे: ट्यूरिन ऑलिम्पिक आणि तिहेरी अ‍ॅक्सेल

मैत्रेयी यांचा प्रश्न

जपानच्या माओ शिमादा या तरुण फिगर स्केटरविषयी वाचत असताना, जिच्यावरून तिचे नाव ठेवले गेले त्या माओ आसादाच्या सुरुवातीच्या कारकिर्दीकडे माझे लक्ष वळले. त्यातील एक गोष्ट मला अजून नीट उलगडलेली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आसादाचा जन्म २५ सप्टेंबर १९९० रोजी नागोया येथे झाला. डिसेंबर २००५ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम तीन महिने झालेले असताना, तिने टोकियोतील ग्रां प्री फायनल (हंगामातील आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या मालिकेची अंतिम स्पर्धा) जिंकली आणि त्या वेळची जगज्जेती इरिना स्लुत्स्काया हिला स्पष्ट फरकाने मागे टाकले. त्यानंतर दोनच महिन्यांनी ट्यूरिनचे हिवाळी ऑलिम्पिक झाले, आणि त्यात वयाच्या नियमामुळे तिला उतरता आले नाही. हंगामातील तोवरच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत जिने सर्वांना हरवले, तिलाच ऑलिम्पिकसाठी लहान ठरवण्यात आले, हे मला विसंगत वाटते. जी स्पर्धा ती जिंकू शकते, त्या स्पर्धेपेक्षा ऑलिम्पिक शरीराला अधिक अपायकारक कसे काय ठरते?

दुसरा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. अनेक लेखांमध्ये असा सूर दिसतो की ट्यूरिन हुकले नसते तर तिच्या नावावर ऑलिम्पिक सुवर्ण असते, कारण पुढे २०१० मध्ये व्हँकूव्हरला तिला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. हे म्हणणे कितपत खरे आहे? माझी अकरा वर्षांची मुलगी सध्या हा खेळ मन लावून पाहते आणि रोज नवे प्रश्न विचारते. तिला मी 'नियमाने अन्याय केला' एवढेच सांगू, की यात आणखी काही आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: शिरीष

मैत्रेयीताई, आधी नियम पाहू, कारण विसंगती तुम्हाला दिसते तशीच होती आणि ती नियमांच्या रचनेतच होती. त्या काळी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाच्या नियमानुसार ऑलिम्पिक आणि वरिष्ठ जागतिक स्पर्धा यांसाठी खेळाडूने आदल्या १ जुलैपूर्वी वयाची १५ वर्षे पूर्ण केलेली असणे आवश्यक होते. वरिष्ठ ग्रां प्री मालिकेसाठी मात्र ही मर्यादा १४ वर्षांची होती. आसादाला १ जुलै २००५ ही तारीख ८७ दिवसांनी हुकली. त्यामुळे तीच मुलगी, त्याच उड्या आणि तेच प्रतिस्पर्धी घेऊन बीजिंग, पॅरिस आणि टोकियो येथे खेळू शकत होती, पण ट्यूरिनमध्ये नाही. वाढत्या शरीरांवर अति ताण येऊ नये हा नियमाचा हेतू योग्यच होता, पण ग्रां प्रीसाठी वेगळी मर्यादा ठेवल्याने त्या हेतूचे समर्थन करणे अवघड झाले, हे मान्य करायला हवे.

तो हंगाम जवळून पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबरमध्ये चीनमधील स्पर्धेत ती स्लुत्स्कायाच्या मागे दुसरी आली, पॅरिसमध्ये पहिली आली, आणि टोकियोच्या अंतिम स्पर्धेत तिने १८९.६२ गुण मिळवले, तेव्हा स्लुत्स्कायाचे गुण १८१.४८ होते. त्यानंतर काही दिवसांतच झालेल्या जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती फुमिए सुगुरीच्या मागे दुसरी आणि शिझुका अराकावाच्या पुढे होती. जपानमध्ये तिला सूट मिळावी अशी मागणी उघडपणे झाली, पण नियम बदलला नाही. अराकावा, सुगुरी आणि मिकी आंदो या तिघी ट्यूरिनला गेल्या.

आता 'सुवर्ण निश्चित होते' या म्हणण्याकडे वळतो. मला ते पटत नाही. ट्यूरिनमध्ये अराकावाने सुवर्णपदक जिंकले. त्या ऑलिम्पिकमधील जपानचे ते एकमेव पदक होते आणि फिगर स्केटिंगमधील कोणत्याही आशियाई महिलेचे ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण होते. साशा कोहेन दुसरी आली, स्लुत्स्काया तिसरी, सुगुरी चौथी. सुवर्णाची दावेदार मानली गेलेली स्लुत्स्कायाच तिथे पडली, तेव्हा पंधरा वर्षांची मुलगी त्या दडपणाखाली नक्कीच जिंकली असती असे म्हणणे म्हणजे अराकावाच्या त्या रात्रीच्या कामगिरीला कमी लेखणे होय. शिवाय ट्यूरिननंतर लगेच, मार्च २००६ मध्ये, आसादा ल्युब्लियाना येथील कनिष्ठ जागतिक स्पर्धेत उतरली आणि तिथे तिला दक्षिण कोरियाच्या किम युनाने मोठ्या फरकाने हरवले. डिसेंबरची लय मार्चपर्यंत टिकली नव्हती, हे या निकालातून दिसते. फेब्रुवारीत ती कशी खेळली असती हे कोणीच सांगू शकत नाही, पण डिसेंबरच्या एका विजयावरून ऑलिम्पिकचे पदक वाटून टाकणे मला घाईचे वाटते.

किम युनाचा जन्म ५ सप्टेंबर १९९० चा, म्हणजे आसादाच्या वीस दिवस आधीचा. त्याच नियमाने तीसुद्धा ट्यूरिनसाठी अपात्र होती, पण याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही.

प्रतिसाद: सुनंदा

मी पुण्यात मुलामुलींना आर्टिस्टिक रोलर स्केटिंग शिकवते. आमच्या खेळात चाके असतात आणि त्यांच्या खेळात पाते, पण अ‍ॅक्सेल, लुट्झ, साल्को या उड्या दोन्हीकडे आहेत, म्हणून तांत्रिक बाजूबद्दल लिहिण्याचे धाडस करते. माझ्या मते आसादाच्या सुरुवातीच्या कारकिर्दीचा खरा विषय ट्यूरिन नसून तिहेरी अ‍ॅक्सेल आहे. ऑलिम्पिक एकदाच हुकले, पण ही उडी तिने प्रत्येक हंगामात, प्रत्येक स्पर्धेत, स्वतःच्या निर्णयाने सोबत ठेवली, आणि तिचे यश व अपयश या दोन्हींचा हिशेब त्या निर्णयाशी जोडलेला आहे.

बाकीच्या सर्व उड्यांमध्ये खेळाडू मागे सरकत असताना हवेत झेपावतो. अ‍ॅक्सेलमध्ये मात्र तो पुढे तोंड करून उडतो आणि मागे सरकत उतरतो, त्यामुळे अर्धी गिरकी जास्त घ्यावी लागते. तिहेरी अ‍ॅक्सेल म्हणजे साडेतीन गिरक्या. आसादासारखा डावीकडे फिरणारा खेळाडू डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर (पात्याच्या बाहेरच्या कडेवर) पुढे येतो, गुडघा वाकवतो, उजवा पाय मागून पुढे वर झटकतो आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर मागे उतरतो. शिकवणाऱ्याच्या नजरेतून सांगायचे तर सगळे काही त्या डाव्या गुडघ्यावर ठरते. गुडघा क्षणभर लवकर सरळ झाला की उंची मिळत नाही, आणि उशीर झाला की धार घसरते. शिवाय पुढे पाहत उडायचे असल्याने जमीन दिसत असते, आणि मनातली भीती शरीर आखडते. मुले एकेरी अ‍ॅक्सेललाच महिनोन्‌महिने अडतात ती याच जागी.

ही उडी स्पर्धेत पहिल्यांदा यशस्वी करणारी महिला म्हणजे नागोयाचीच मिदोरी इतो, आणि ते वर्ष होते १९८८. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ती जगज्जेती झाली आणि १९९२ मध्ये आल्बेर्व्हिल ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवताना तिने तिथेही ही उडी मारली. त्यानंतर ज्यांनी ही उडी मारली त्या महिला बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आसादाने ती डिसेंबर २००४ मध्ये हेलसिंकीच्या कनिष्ठ ग्रां प्री फायनलमध्ये मारली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि कनिष्ठ गटातील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती मारणारी पहिली मुलगी ठरली. त्या स्पर्धेत आणि मार्च २००५ मध्ये कॅनडातील किचनर येथे झालेल्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत तिने किम युनाला मागे टाकले, दुसऱ्या वेळी तर तब्बल वीस गुणांनी. किमकडे ही उडी नव्हती.

आता गुणांकडे पाहू. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधील पंचांच्या वादानंतर सहा गुणांची जुनी पद्धत बाद झाली आणि प्रत्येक उडीला ठरावीक मूळ गुण देणारी नवी पद्धत आली. व्हँकूव्हर ऑलिम्पिकच्या हंगामात तिहेरी अ‍ॅक्सेलचे मूळ गुण ८.२ होते. ती दुहेरी टो-लूपला जोडली की ९.५ होत. किम युनाची नेहमीची जोडउडी (लागोपाठ मारलेल्या दोन उड्या), म्हणजे तिहेरी लुट्झ आणि तिहेरी टो-लूप, हिला १०.० मिळत. जगात इतर कोणी मुलगी स्पर्धेत नियमितपणे मारत नव्हती अशी उडी असलेली जोड किमच्या त्या नेहमीच्या जोडीपेक्षा अर्धा गुण कमी मोलाची ठरत होती. यात दुसरा धोकाही होता. उतरताना गिरकी पावापेक्षा जास्त कमी पडली, तर तांत्रिक पंच ती दुहेरी अ‍ॅक्सेल धरत आणि मूळ गुण ८.२ वरून थेट ३.५ वर येत. त्यावर वाईट उतरणीची वजावट आणि पडल्यास आणखी एक गुण जाई. मधला टप्पा नव्हताच. कमी पडलेल्या गिरकीला अंशतः गुण देण्याची पद्धत २०१० नंतर आली.

शॉर्ट प्रोग्रॅममध्येही, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या कार्यक्रमातही, अडचण होती. महिलांना एकटी अ‍ॅक्सेल दुहेरीच मारावी लागे, त्यामुळे तिहेरी मारायची तर जोडउडीतच बसवावी लागे. आसादाने व्हँकूव्हरला तेच केले. शॉर्टमध्ये एक आणि फ्री स्केटिंगमध्ये (दुसऱ्या, लांब कार्यक्रमात) दोन अशा तीन तिहेरी अ‍ॅक्सेल एकाच स्पर्धेत मारून दाखवणारी ती पहिली महिला ठरली, आणि तरीही तिच्या २०५.५० गुणांसमोर किमचे २२८.५६ होते. किमचा कार्यक्रम त्या दिवशी सर्वांगाने श्रेष्ठ होता, यात मला शंका नाही. आसादाच्या फ्री स्केटिंगमध्ये नंतरच्या भागात चुका झाल्या आणि तिच्या कार्यक्रमात लुट्झ नव्हतीच. लुट्झ ही बाहेरच्या धारेवरून घ्यायची उडी, पण आसादाची धार ऐन क्षणी आत वळत असे, आणि २००७-०८ च्या हंगामापासून या चुकीवर पंचांची नजर कडक झाली होती. अ‍ॅक्सेलवर जितका काळ गेला, तितका लुट्झ दुरुस्त करण्यावर गेला असता तर निकाल बदलला असता का, हा प्रश्न मला ट्यूरिनच्या प्रश्नापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

मैत्रेयी

शिरीष आणि सुनंदाताई, दोघांचेही मनापासून आभार. ८.२ आणि १०.० या आकड्यांनी माझी समजूत पुष्कळ बदलली. मग आणखी दोन गोष्टी विचारते. पहिली अशी की इतक्या लहान वयात ही उडी निवडण्याचा निर्णय मुळात कोणाचा असतो, प्रशिक्षकाचा, पालकांचा की मुलीचा? दुसरी अशी की माओ शिमादाच्या बाबतीत पुन्हा तेच घडले, असे सर्वत्र लिहिले जाते. ते खरेच तेच आहे का? आणि मुलीला दाखवायची झाल्यास आसादाची सुरुवातीच्या काळातील कोणती एक कामगिरी दाखवावी?

प्रतिसाद: अनिकेत, नागोया

मी कामानिमित्त नागोयात राहतो, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर या शहरातच आहे, असे मला वाटते. शहराच्या मध्यभागी ओसू नावाचा जुना बाजार आहे. कपड्यांची, जुन्या वस्तूंची आणि खाण्याची दुकाने यांच्या गर्दीत ओसू कान्नोन हे बौद्ध मंदिर आहे आणि त्याच परिसरात १९५३ मध्ये सुरू झालेले ओसू रिंक आहे. दिवसभर ते सर्वांसाठी खुले असते. शाळकरी मुले, जोडपी आणि कठडा घट्ट धरून चालणारी लहान मुले यांनी ते भरलेले असते. इथे मन लावून सराव करणाऱ्या मुलांना बर्फ मिळतो तो पहाटे किंवा रात्री. मिदोरी इतो इथेच घडली, माओ आसादा इथेच घडली, आणि पुढे दोनदा जगज्जेता झालेला शोमा उनोही इथलाच. पाच वर्षांचा असताना याच रिंकवर माओने त्याच्याशी बोलून फिगर स्केटिंग कर असे सुचवले, हे त्याने अनेकदा सांगितले आहे.

या सगळ्यांना जोडणारी व्यक्ती म्हणजे प्रशिक्षिका माचिको यामादा. इतो लहानपणीच यामादांच्या घरी राहू लागली आणि त्यांनी तिला वाढवले. २००२ मध्ये तिहेरी अ‍ॅक्सेल मारणारी युकारी नाकानोही त्यांचीच विद्यार्थिनी. म्हणजे जगभरात जी उडी बहुतेक मुलींना अशक्य समजली जात होती, ती या एका रिंकवरच्या मुली मोठ्या बहिणींप्रमाणे वावरणाऱ्या खेळाडूंकडून रोज पाहत होत्या. माओ पाच वर्षांची असताना मोठी बहीण माई हिच्यासोबत बर्फावर आली. दोघी आधी बॅले शिकत होत्या. माईसुद्धा आंतरराष्ट्रीय स्तरावर खेळली. अशा वातावरणात 'हा निर्णय कोणाचा' असा प्रश्न बहुधा कोणी विचारतच नसेल. उदाहरण डोळ्यांसमोर होते, शिक्षिकेला उडी कशी शिकवायची हे ठाऊक होते, आणि मुलीला ती हवी होती. बारा वर्षांची असताना, २००२ च्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत आमंत्रित म्हणून खेळताना तिने सलग तीन तिहेरी उड्यांची जोड मारण्याचा प्रयत्न केला. ती सातवी आली. अशी मुलगी पुढे अ‍ॅक्सेल सोडून देईल, असे मानणे कठीण आहे.

सुनंदाताईंच्या एका मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. अ‍ॅक्सेलचा हट्ट आणि लुट्झकडे झालेले दुर्लक्ष असा सरळ हिशेब मांडताना, त्या वर्षांत तिचे प्रशिक्षक किती वेळा बदलले, हे विसरून चालणार नाही. २००६ मध्ये ती यामादांकडून कॅलिफोर्नियातील लेक अ‍ॅरोहेडला राफाएल अरुत्युन्यान यांच्याकडे गेली. २००७ मध्ये नागोयाशेजारच्या तोयोता शहरात चुक्यो विद्यापीठाचे स्वतंत्र रिंक सुरू झाले आणि जपानमध्ये राहून निवांत सराव करणे तिला शक्य झाले. २००८ च्या सुरुवातीला अरुत्युन्यान यांच्याशी असलेले सहकार्य संपले आणि जागतिक स्पर्धेला ती प्रशिक्षकाविनाच गेली. त्यानंतर रशियाच्या तात्याना तारासोवा आल्या, आणि व्हँकूव्हरनंतर सप्टेंबर २०१० मध्ये नोबुओ सातो. उडीची धार दुरुस्त करणे म्हणजे लहानपणापासून अंगवळणी पडलेली हालचाल मोडून नव्याने बसवणे. त्याला एकाच नजरेखाली सलग वर्षे लागतात, आणि ऑलिम्पिकच्या तोंडावर तो धोका कोणी पत्करत नाही. सातो आल्यानंतर तिने तेच केले. एकेक उडी मुळापासून पुन्हा बांधली, आणि त्यापायी पुढचा हंगाम तिच्या निकालांच्या दृष्टीने फार कठीण गेला.

२००८ ची ती प्रशिक्षकाविना खेळलेली जागतिक स्पर्धा स्वीडनमधील गोटेनबर्गला झाली. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर ती दुसरी होती. फ्री स्केटिंगच्या सुरुवातीलाच तिहेरी अ‍ॅक्सेलसाठी ती वेगात पुढे आली, डाव्या पायावर भार घेतला, आणि हवेत जाण्यापूर्वीच पाते खालून निसटले. ती जोरात आपटली आणि बर्फावरून सरकत कठड्यापर्यंत गेली. काही क्षण संगीत चालू होते आणि ती अजून खालीच होती. सर्वाधिक गुणांची उडी पूर्ण वाया गेली होती, वर पडल्याची वजावट. ती उठली, संगीताला गाठले आणि उरलेला कार्यक्रम, त्यातील तिहेरी-तिहेरी जोडउडीसह, जवळजवळ काही घडलेच नाही अशा रीतीने पूर्ण केला. १८५.५६ गुणांसह ती जगज्जेती झाली. इटलीची कारोलिना कोस्तनर एका गुणापेक्षाही कमी फरकाने मागे राहिली आणि किम तिसरी आली. मला वाटते की तिची सुरुवातीची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर या स्पर्धेकडे पाहावे. अ‍ॅक्सेलशिवायही ती जगात पहिली येऊ शकते, हे त्या संध्याकाळी आकड्यांत सिद्ध झाले होते. तरीही पुढच्याच हंगामात, डिसेंबर २००८ च्या ग्रां प्री फायनलमध्ये, तिने एकाच कार्यक्रमात दोन तिहेरी अ‍ॅक्सेल मारल्या आणि किमच्याच देशात, गोयांगमध्ये, किमला हरवले. म्हणजे गरज म्हणून नव्हे, तर आपला खेळ असाच असावा या आग्रहातून ती ही उडी मारत होती. त्या आग्रहाची किंमतही तिने मोजली. २००९ च्या जागतिक स्पर्धेत ती चौथी आली, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत पॅरिस व मॉस्को येथे अ‍ॅक्सेल वारंवार फसल्याने ग्रां प्री फायनलसाठी पात्रही ठरली नाही. चार महिन्यांनी व्हँकूव्हरला तिच्या तिन्ही तिहेरी अ‍ॅक्सेल यशस्वी झाल्या, आणि त्यानंतर महिनाभरात ती दुसऱ्यांदा जगज्जेती झाली. ती स्पर्धा ट्यूरिनला, २००६ च्या ऑलिम्पिकच्याच पालावेला सभागृहात झाली होती.

प्रतिसाद: शिरीष

अनिकेत, गोटेनबर्गचा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रशिक्षक बदलल्यामुळे लुट्झ मागे पडली, हेही मला मान्य आहे.

मैत्रेयीताई, शिमादाविषयी सांगतो. तेच घडले असे म्हणता येणार नाही, किंबहुना तिच्या बाबतीत नियम अधिक कठोर होता. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पंधरा वर्षांच्या कामिला वालिएवाचे उत्तेजक चाचणीचे प्रकरण घडल्यानंतर जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने वरिष्ठ गटाचे किमान वय टप्प्याटप्प्याने १७ वर नेले. शिमादाचा जन्म ३० ऑक्टोबर २००८ चा असल्याने १ जुलै २०२५ ही तारीख तिला चार महिन्यांनी हुकली आणि २०२६ चे मिलान-कोर्तिना ऑलिम्पिक तिच्यासाठी बंद झाले. तिच्याहून सहा महिन्यांनी मोठी, एप्रिल २००८ मध्ये जन्मलेली जपानचीच अमी नाकाई मात्र वयाच्या अटीत बसत होती. पण मोठा फरक पुढेच आहे. आसादाला १५ व्या वर्षी वरिष्ठ ग्रां प्रीमध्ये खेळून स्लुत्स्कायाशी दोन हात करता आले. शिमादाला ती वाटही उपलब्ध नव्हती. तिने २०२३, २०२४ आणि २०२५ अशा सलग तीन कनिष्ठ जागतिक स्पर्धा जिंकल्या, आणि वरिष्ठांशी तिची गाठ पडली ती प्रामुख्याने जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत, जिथे २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी ती पहिल्या तिघींत होती.

तुम्ही पहिल्या प्रश्नात दाखवलेली विसंगती, म्हणजे एका वरिष्ठ स्पर्धेला चौदा आणि दुसरीला पंधरा, ती आता उरलेली नाही. सर्व वरिष्ठ स्पर्धांना एकच मर्यादा आहे. नियम म्हणून मला हे अधिक प्रामाणिक वाटते. मात्र त्यामुळे मुलींची चौदा ते सतरा ही वर्षे कनिष्ठ गटातच जातात, आणि त्या वयात ज्यांचे शरीर वाढल्यामुळे उड्या हातच्या निसटतात, त्यांची उत्तम वर्षे मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे कधीच येत नाहीत. तुमच्या मुलीला 'अन्याय झाला' असे सांगण्याऐवजी या दोन्ही बाजू सांगाव्यात असे मी सुचवेन. अकरा वर्षांच्या मुलीला त्या नक्की समजतील.

प्रतिसाद: सुनंदा

अनिकेत यांनी प्रशिक्षकांच्या बदलाविषयी जे लिहिले ते मला पटले, आणि धार दुरुस्त करायला सलग वर्षे लागतात हे तर मी रोज अनुभवते.

कोणती कामगिरी दाखवावी, यावर माझे मत गोटेनबर्गचे नाही. पडून उठण्याची गोष्ट मुलांना लगेच भिडते, पण त्यात त्यांचे लक्ष पडण्यावरच राहते. मी मार्च २००७ च्या टोकियोतील जागतिक स्पर्धेचे फ्री स्केटिंग दाखवेन. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये जोडउडीत चूक झाल्याने ती ६१.३२ गुणांसह पाचवी होती आणि किम ७१.९५ गुणांसह पहिली. दुसऱ्या दिवशी सोळा वर्षांच्या आसादाने फ्री स्केटिंगमध्ये १३३.१३ गुण मिळवले. तोपर्यंत कोणत्याही महिलेला फ्री स्केटिंगमध्ये इतके गुण मिळाले नव्हते. एकूण १९४.४५ गुण झाले, मिकी आंदोचे १९५.०९ झाले, आणि ०.६४ गुणांनी जगज्जेतेपद आंदोकडे गेले.

पाहताना मुलीला पहिल्या वेळी काहीच सांगू नये, नुसते पाहू द्यावे. दुसऱ्या वेळी आवाज बंद करून फक्त पायांकडे पाहायला सांगावे. तिहेरी अ‍ॅक्सेलपूर्वी ती किती लांबून आणि किती सरळ येते, आणि बाकीच्या उड्यांआधी कशी वळते, हा फरक मुलांना लवकर कळतो. तिसऱ्या वेळी त्याच रात्रीचे किमचे फ्री स्केटिंग लावावे. लुट्झआधी किमचे पाते बाहेरच्या बाजूला कसे झुकते ते पाहून, पुन्हा आसादाची लुट्झ लावावी. धार कशाला म्हणतात हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे. मुलगी पुण्याजवळ राहत असेल तर सुट्टीत तिला आमच्या सरावाला अवश्य घेऊन या. चाकांवरही धार असते, आणि एकेरी अ‍ॅक्सेलची पहिली पावले तिला जमिनीवर, साध्या बुटांत शिकता येतील.